दाराकडे तोंड

अप्पा, आज एका कुत्र्यापायी तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्ही असता तर फोनच केला असता, आणि तुम्ही आधी कुत्रं कसं आहे ते विचारलं असतं, मग मी कशी आहे ते.

दुपारी अक्कलकोट रोडवरच्या चादरीच्या कारखान्याचे वॉचमनकाका त्यांच्या कुत्र्याला टेम्पोत घालून दवाखान्यात आले. कुत्रं वासराएवढं, तांबूस, तोंडावर पिकलेलं. दोन दिवस अन्नाला शिवलं नव्हतं आणि पोटाला हात लावू देत नव्हतं. काका मैंदर्गीकडचे, कुत्र्याशी कानडीत बोलत होते, माझ्याशी मराठीत, आणि दोन्हींत आवाज कापत होता. टेबलावर चढवलं तर गुळगुळीत पत्र्यावर त्याचे पाय घसरायला लागले. खाली घेऊन, कॉलेजात शिकवलं तसं, कोपऱ्यात उभं केलं आणि दार लावून घेतलं. तेव्हा तर त्यानं दातच दाखवले. भूल द्यावी तर हृदयाचे ठोके चुकत होते, या वयात त्यातून ते उठेल याची खात्री नव्हती. आणि सोनोग्राफी करायची तरी पोटाला यंत्र टेकवावंच लागतं. काका म्हणाले, "चावायचं न्हाय ओ ते, लई भ्यालंय. मला सोडून दुसरं कुणी न्हाय त्याला." काकांकडे बघून वाटलं, यांनाही याच्याशिवाय कुणी नसावं.

तेव्हा तुम्ही आठवलात. मी कॉलेजच्या सुट्टीला घरी आलेय. आईच्या स्वयंपाकघरातून शेंगाचटणी कुटल्याचा आवाज येतोय, आणि बाहेरच्या खोलीत, तुमच्या दवाखान्यात, तुम्ही जमिनीवर जुनी चादर अंथरून मांडी घालून बसलाय. पुढ्यात कुणाचं तरी धिप्पाड अल्सेशियन. मोठं कुत्रं तुम्ही कधी टेबलावर घेतलं नाही, हे समजण्यासारखं होतं. पण तुम्ही त्याचं तोंड रस्त्याकडच्या दाराकडे करायचात, तेही सताड उघड्या. मालकाला त्याच्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून बसवायचात आणि स्वतः मागच्या अंगाला, कुत्र्याच्या कुशीपाशी. मी नुकतीच शिकलेली, त्यामुळे सगळं जग चुकतंय असं वाटायचे दिवस. पुस्तकात नेमकं उलटं लिहिलंय म्हणून मी वाद घातला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "ज्याला दार दिसतंय ते पळत नाही की." आणि ते अल्सेशियन उठलं ते थर्मामीटरसकट थेट भाजीवाल्याच्या गाड्यापर्यंत गेलं. मी हसून लोळायची बाकी होते. तुम्ही चप्पल घालता घालता एवढंच म्हणालात, की पुस्तकवाल्यांचीही कधीतरी पळत असतील.

तर आज मी दार उघडलं. चादर अंथरली. काकांना कुत्र्याच्या शेजारी बसवलं, त्यांचा हात त्याच्या मानेवर ठेवायला सांगितला आणि मी मागे बसले. पण काकांची बोटं त्याच्या कातडीत रुतत होती आणि पोट होतं तसंच घट्ट. मग आठवलं, तुम्ही मालकाला काहीतरी बोलायला लावायचात. म्हटलं, काका, रस्त्यावर काय चाललंय ते सांगा. ते गोंधळले, पण सांगू लागले. ट्रॅक्टर गेला. टॉवेलांचे गठ्ठे लादून एक मोटारसायकल गेली, वरचा गठ्ठा पडतोय आता. एक बाई छत्री घेऊन चालली, ऊन लई हाय. त्यांचा आवाज सपाट होत गेला, बोटं सैलावली आणि माझ्या हाताखाली ते पोट हळूहळू मऊ झालं. मला राहवेना. मी त्यांना मुद्दाम क्षणभर गप्प बसायला सांगितलं. पोट पुन्हा दगड. बोला म्हटलं, पुन्हा मऊ. मग नारळाएवढं ताणलेलं मूत्राशय हाताला लागलं. खडा अडकला होता. नळी घालून लघवी मोकळी केली. रक्ताचा रिपोर्ट उद्या येईल, पण संध्याकाळी फोन आला, दूधभाकरी चाटतंय म्हणून.

तेव्हापासून डोक्यात एकच विचार. त्या उघड्या दाराकडे तुम्ही तोंड करायचात ते कुत्र्याचं की मालकाचं? अल्सेशियन पळालं त्या दिवशी त्याचा मालक तंबाखू मळत गप्प बसला होता, हे आज आठवतंय. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण तुम्हाला ठाऊक होतं का हे, की हाताला सवय होती? मला हे खरोखर विचारायचंय, आणि विचारायला कुणी नाही याचा आज राग आला.

आणि मग तुमचे शेवटचे दिवस आठवले. त्याच बाहेरच्या खोलीत तुमची कॉट दाराकडे फिरवायला तुम्हीच सांगितलंत. मला शेजारी बसवलंत, माझा हात ओढून तुमच्या खांद्यावर ठेवलात आणि म्हणालात, "रस्त्यावर काय चाललंय, सांग की." मला वाटलं, तुम्हाला आता दिसत नाही. म्हणून मी सांगत राहिले: दूधवाला गेला, शाळेची रिक्षा गेली, समोरच्या घरी पाहुणे आले. पण त्याच सकाळी आईच्या साडीला पडलेला बारीकसा डाग तुम्हीच दाखवला होतात.

हे पत्र कुठे टाकणार. तुमच्या त्या चादरीच्या घडीत ठेवते. एक मात्र सांगायचं राहिलं, अप्पा. समोरच्या घरी कुणी पाहुणे आले नव्हते. डोळे इतके भरले होते की मला रस्ताच दिसत नव्हता, निम्मं मी मनचंच सांगत होते.