दुकानात नको झालेला वास

पप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आळेफाट्याच्या आपल्या शेतीऔषधांच्या दुकानात पाऊल टाकलं की माझं डोकं फिरतं. काल गेले तर दादानं पतंग पकडायचे कामगंध सापळे अगदी काउंटरवर मांडलेले. वर तुमचा हार घातलेला फोटो, खाली सापळे. "लई मागणी आहे गं," म्हणाला, जसं काही झालंच नव्हतं. असाच एक सापळा तुम्ही माझ्या हातातून हिसकावून रस्त्यावर भिरकावला होता, तेव्हा हाच दादा शेजारी उभा होता.

मी एमएस्सी करून आले होते, आणि तुमच्या शेजारी त्या दुकानात बसायचं, एवढंच माझ्या मनात होतं. खोडदचा एक शेतकरी भोकं पडलेले टोमॅटो घेऊन येतो. "शेठ, एवढं औषध मारलं, पन अळी काय हटंना." तुमच्याआधी मीच बोलायला लागते. भाऊ, या अळीचाच पुढं पतंग होतो. मादी पतंग आपल्या अंगातल्या चरबीपासून वास बनवते. आपल्या खायच्या तेलात असतं तेच फॅटी ॲसिड, सोळा कार्बनची साखळी. त्यात ठरलेल्या एकाच जागी ती दुहेरी बंध घालते, मग साखळीचं टोक बदलते, झाला वास तयार. बंधाची जागा चुकली तर तिच्या जातीचा नर ढुंकूनही बघायचा नाही. तोच वास कारखान्यात करून या सापळ्यातल्या रबरात भरलाय. नर इथं येऊन अडकतो, मादी तशीच राहते. तो माणूस हसला नाही की लाजला नाही. "म्हंजी अंडीच न्हाई व्हायची फळणारी," म्हणाला. त्याला कळलं होतं. आणि तुम्ही उठलात. "ओढ लावून जीव फसवायचा? हे पाप माझ्या गादीवर चालणार नाही. आत जा तू." परक्या माणसासमोर. सापळा रस्त्यावर गेला, आणि त्याच हातानं तुम्ही त्याला विषाची नवी बाटली काढून दिलीत.

पाप म्हणे. पाणी गाळून प्यायचात, जीव मरायला नको म्हणून दिवस मावळायच्या आत जेवायचात, आणि पाठीमागं छतापर्यंत बाटल्याच बाटल्या. त्यांनी अळी मरायची, तिच्यासोबत मधमाशीही मरायची, तेव्हा तो धंदा होता होय? पतंगाचं तुम्हाला काडीचं पडलेलं नव्हतं, पप्पा. आपली मुलगी गिऱ्हाइकासमोर नर, मादी असलं बोलते, ते तुम्हाला सोसलं नाही. तसं सरळ म्हणाला असतात तर मी कडाकडा भांडले असते. पण तुम्ही धर्म पुढं केलात, आणि त्याच्यापुढं घरात कुणाचं काय चालणार? लगेच स्थळं बघायला लागलात. दुकान दादाचं झालं. माझा राग अजून तसाच आहे, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

आता मी निरगुडसरच्या बाजूला शेतोशेत सापळे लावत फिरते. चारचौघांत, खणखणीत आवाजात मादीच्या वासाचं सगळं सांगते, कुणी मान खाली घालत नाही. तुमची शेवटची संवत्सरी आठवते. वर्षभराच्या चुकांची क्षमा मागत तुम्ही घरातल्या एकेकाला हात जोडून मिच्छामि दुक्कडम म्हणत होतात. माझ्यासमोर आलात, म्हणालात, आणि थांबलात. उलट मीही तेच म्हणायचं असतं. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. सापळ्याची पिशवी उलटी करते तेव्हा मेलेले नर खाली पडतात, पंखांची पूड बोटांना चिकटते, आणि माझ्या तोंडून मिच्छामि दुक्कडम निघतं. दरवेळी निघतं. तुम्हाला मात्र अजून म्हणवत नाही.