रिकामा परत आलेला डबा

अप्पा,

"घरी जा, आईला सांग, मी बेंगलोरला चाललो." चालत्या गाडीच्या दारातून तुम्ही ओरडून हे सांगितलंत आणि मी सोलापूरच्या फलाटावर रिकामा डबा छातीशी धरून उभी राहिले. चौथीत होते मी. आज दुपारी पुन्हा तीच गाडी गाठायची आहे, मुंबईहून बेंगळुरूला जाणारी, रोजची. भाकऱ्या झाल्यात, डबा भरलाय, निघायला अजून अवकाश आहे आणि एका जागी बसवत नाही, म्हणून जुळे सोलापूर भागातल्या या स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या उभ्याच लिहितेय.

तेव्हा आत्याचं सासर कल्याणला आणि संसार बेंगलोरला. येताजाता सासू बरोबर असायची आणि मधे माहेरी उतरायचं नाही हा तिचा नियम. मग तुम्ही गिरणीतून परस्पर स्टेशनवर यायचात, मी घरून डबा घेऊन पोचायचे. गाडी थांबली की आत्या दाराशी यायची. आपण भरलेला डबा द्यायचा, तिनं मागच्या खेपेचा परत करायचा. तो कधी मोकळा नसायचा. ओल्या खोबऱ्याच्या वड्या, कॉफीची पूड, एकदा तर नुसती अबोलीची वेणी. माहेरचं भांडं रिकामं पाठवत नाहीत, म्हणायची. "बरं हाय न्हवं?" तुम्ही विचारायचात. "बरं हाय की, दादा." बोलणं संपलं. एवढ्यासाठी कशाला यायचं, असं मी एकदा कुरकुरले, तर तुम्ही म्हणालात, "डबा निमित्ताला गं. तोंड बघायचं असतंय."

त्या दिवशी डबा हातात आला तो हलका. तुम्ही झाकण काढलंत. आत काही नाही, नुसता घासून लख्ख केलेला. तुम्ही मान वर करून आत्याकडे बघितलंत, ती दाराआडच्या बेसिनच्या नळाकडे बघत होती. गाडी हलली. तुम्ही डबा माझ्या हातात कोंबलात, चार पावलं गाडीबरोबर चाललात आणि चढलात. तिकीट नाही, पिशवी नाही. "बाप गेला की गं तुझा गाडीसंगं," फलाटावरचा चहावाला हसून म्हणाला, मग माझं तोंड बघून मला घरापर्यंत सोडायला आला. आई आधी भडकली. "बेंगलोर म्हंजे काय बार्शी हाय व्हय? अंगावर गिरणीतली कापडं, पायात तुटकी चप्पल. दारात तरी कोण घेणार हाय यांना तितं?" बोलता बोलताच तिनं मधल्या खोलीतलं ज्वारीचं पोतं भिंतीकडे सरकवलं आणि एका माणसाला निजता येईल एवढी जागा केली. दोन-तीन दिवसांनी तुम्ही आत्याला घेऊन आलात. आई तिच्या दंडाला तेल चोळत होती तेव्हा मला ते वळ दिसले. आत्या परत गेली नाही.

आता माझी लेक त्याच बेंगळुरूत नोकरी करते. तुम्ही तिला पाहिलंत ते पाळण्यात. मुंबईला कामासाठी जाते-येते, बहुतेक विमानानं, पण कधी या गाडीनं, आणि मी डबा घेऊन उभी राहते. माझी वेडी आई म्हणून हसते, तरी मागचा डबा परत देताना त्यात काहीतरी घालते. मैसूरपाक, चॉकलेट, एकदा केसाला लावायचे चाप. या आठवड्यात मुंबईला जाताना तिनं डबा दिला तो रिकामा होता. "पुढच्या वेळी डबा नको गं आई, उगाच हेलपाटा," म्हणाली. दाराशी अंधारात उभी होती, मला तोंड नीट दिसलं नाही. ती आत गेल्यावर मी खिडकीशी धावले, तर एसीच्या बोगीची काच काळी, तिच्यात मीच दिसले. तेव्हापासून फोनवर "सगळं ओके आहे" एवढंच. व्हिडिओ लावला की कॅमेरा बंद. काल मेसेज आला, उद्या परतताना स्टेशनवर येऊ नकोस, मी झोपलेली असेन. दुपारी. माझी लेक दुपारी कधी झोपली आहे?

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, घाईत विसरली असेल. डब्याचं काय घेऊन बसलीस?" खरंही असेल. तुम्ही गेल्यावर आत्या मला एकदा म्हणाली होती, "तो डबा मी मुद्दाम न्हवता दिला मोकळा. गडबडीत राहिलं बघ. दादाला काय दिसलं कुणास ठाऊक." तेव्हापासून हा प्रश्न माझ्याकडे आहे, अप्पा. तुम्हाला काय दिसलं? तुमच्या मागे उभी राहून मीही तेच तोंड बघत होते, आणि मला फक्त आत्या दिसली, नेहमीची, पदर डोक्यावर घेतलेली. आज लेक दाराशी आलीच, तरी तिच्याकडे बघून मला काही कळेल याची खात्री वाटत नाही. आणि नाहीच आली, तर त्या काळ्या काचेसमोर मी गाडी सुटेपर्यंत काय करू?

हा कागद कुठं टाकायचा नाही, घडी घालून पोळपाटाखाली ठेवते. एक मात्र सांगून टाकते. मी आज फलाटाचं तिकीट काढलेलं नाही, बेंगळुरूपर्यंतचं काढलंय. ह्यांनाही ठाऊक नाही. पिशवीत डब्याखाली एक साडी आणि टॉवेल आहे, आणि भाकऱ्या दोघींना पुरतील एवढ्या आहेत. पण तुमच्यासारखं न विचारता चढणं मला जमणार नाही. मी खाली उभी राहून आधी विचारीन, "मी येऊ का गं तुझ्याबरोबर?"

नको म्हणेल ती. तरी विचारीन.