सांध्याखालचं हाड

२ डिसें., मंगळवार
सौ. दोरीवरचे कपडे काढताना पडली. उजव्याच पायावर, ज्याचा खुब्याचा सांधा मागे बदललाय. सुभानपुऱ्यातल्या घरून अॅम्ब्युलन्सनं हॉस्पिटल. एक्सरेत सांधा जागेवर, पण त्याची खुंटी मांडीच्या ज्या हाडात ठोकलीय तेच फुटलंय. पायाला वजन टांगलं. तिचा चेहरा बघवेना, मी बाहेर

३ डिसें., बुधवार
डॉक्टर गुजराती, तरुण. खुंटी घट्ट असेल तर हाडावर धातूची पट्टी आणि तारा. सैल असेल तर ती काढून लांब खुंटी. "उघडल्यावरच नक्की कळेल, काका." रेल्वेत फिटर होतो, सैल खुंटी काय करते ते पाहिलंय. दोन्हीला हो म्हणालो. या वयात पडून राहिलं की छातीत कफ भरतो, उशीर नको म्हणाले. ऑप. शुक्रवारी.

४ डिसें., गुरुवार
दत्तजयंती. सौ. म्हणे, "माझा पाळणा चुकला, तुम्ही तरी जा." गेलो. प्रसादाचा पेढा आणला. परतलो तर तिला झोप लागलेली.

५ डिसें., शुक्रवार
ऑप. झालं नाही. माझ्यामुळे. सकाळी तिला अर्धा पेढा दिला. काही खायचं नाही हे सिस्टरनं सांगितलं होतं. पण प्रसाद म्हणजे खाणं, हे डोक्यातच आलं नाही. भूल देणाऱ्या बाईंनी विचारलं, सौ.नं खरं ते सांगितलं. आता उद्या. डॉक्टर रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "काका, प्रसाद पण पेटमां ज जाय ने." रागावले असते तर बरं होतं.
सौ. म्हणे, "उरलेला अर्धा तुम्ही खा. मला घालून स्वतः उपाशी."
दुपारपासून तिला खोकला. या एका दिवसानं जर

६ डिसें., शनिवार
आत नेताना म्हणाली, "दारात उभे राहू नका, लोकांना अडचण होते."
खुंटी सैल निघाली. लांब घातली, वर तारा गुंडाळल्या. रक्त द्यावं लागलं. खोकला आहेच. "चालेल ना?" विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आधी उभ्या राहू देत."

८ डिसें., सोमवार
खोकला कमी. व्यायाम करवणारी मुलगी वॉकर घेऊन आली. भार नाही द्यायचा, पाय नुसता टेकवायचा. सौ. पलंगाच्या कडेपर्यंत आली. घामाघूम. मी वॉकर धरून.
"तुम्ही आधी बसा बघू. तुम्हीच वॉकरवर भार टाकलाय."
बसलो. तिनं पाय खाली सोडला, बोटभर अंतर राहिलं, तिथंच धरून ठेवला. टेकवला नाही. मुलगी म्हणाली, काल सवारे फरी, म्हणजे उद्या सकाळी पुन्हा.
ती गेल्यावर सौ.नं विचारलं, "या वेळची खुंटी घट्ट बसलीय ना हो?"
हो म्हणालो.