बोरखेडीच्या एकोणीस मुली

१८ जून १९५७, मंगळवार

हुकूम आला. टपालवाल्यानं पाकीट शाळेतच आणून दिलं. मुलींना शुद्धलेखन घालून मी ते उभ्यानंच वाचलं. पंचवीसपेक्षा कमी मुलं असलेल्या एकशिक्षकी शाळा एक जुलैपासून जवळच्या मोठ्या शाळेत सामील करायच्या. आमची बोरखेडीची मुलींची शाळा टेंभेगावला जाणार. अडीच मैल, मध्ये नदी.

माझ्या पटावर एकोणीस आहेत. आठ वर्षांपूर्वी मी इथं आले तेव्हा चार होत्या. एकेक घर धरून, आयांच्या चुलीपाशी बसून, एकोणीस केल्या. तरी कमीच पडल्या.

मंग पाट्या तपासल्या. पुष्पाच्या पाटीवर एकही चूक नव्हती. तिला शाबास म्हणायचं राहूनच गेलं.

२० जून, गुरुवार

तालुक्याचे तपासणीस साहेब स्वतः आल्ते. वाटलं होतं दम भरतील. उलट जमिनीवरच बसले, मुलींकडून कविता म्हणून घेतली. मुली घरी गेल्यावर म्हणाले, "द्वारकाबाई, तुमच्या कामाबद्दल तक्रार न्हाई. पण तुम्हीच सांगा. एका खोलीत चार इयत्ता. पहिलीला तुम्ही बाराखडी गिरवून घेता तोवर चौथी काय करती?"

मी म्हटलं, "पहिली संपायची वाट बघती."

ते हसले. म्हणाले, "पाच गावांत पाच मास्तर अन् पाच फुटके फळे. तोच खर्चा एका जागी केला तर सातवीपर्यंत शाळा होती. दर वर्गाला वेगळा मास्तर, नकाशे, विज्ञानाचं कपाट. हे पोरींना नको का?"

साहेब बरोबरच बोलत होते. आठ वर्षं चार इयत्ता एका तोंडानं शिकवलेली बाई मी. मलाच ठाऊक, त्यात किती वाया जातं.

"पण साहेब, मुली एवढ्या लांब येतील का?"

"तुमची नेमणूक तिथंच आहे. तुम्ही असल्यावर का न्हाई यायच्या?"

खोलीचे मालक रतनलाल शेटजी दुकानातून उठून आले. आमची शाळा म्हणजे त्यांच्या घराचीच बाहेरची खोली. भाडं कधी घेतलं न्हाई. म्हणाले, "साहेब, किराया नको, कुछ नको. खोली शाळेचीच समजा." साहेबांनी हात जोडले. "शेटजी, सवाल किरायाचा न्हाई."

आतल्या दाराआडून तारादेवी ऐकत असणार. शेटजींची धाकटी सून, अठराएक वर्षांची. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन तिकडून राजस्थानातून आली तेव्हा मराठीचं अक्षरही येत नव्हतं. घुंगट काढून सासऱ्यासमोर येत न्हाई. पण दाराआड धान्य निवडत बसते आणि मुलींबरोबर शिकते. तिसरीचं पुस्तक आता न अडखळता वाचते. तिचं नाव पटावर कसं असणार?

२१ जून

मुलींना सांगितलं. कुणी रडलं न्हाई. पुष्पानं विचारलं, "तिथं बी तुमीच का?" हो म्हटलं.

२४ जून, सोमवार

घरोघर फिरून राह्यले. वाटलं होतं आया म्हणतील, पोरगी जात, परक्या गावी कशी धाडू? त्याची उत्तरं तयार ठेवली होती. मी सोबत आहे, नेईन, आणीन. पण ते फार कुणी बोललंच न्हाई.

झुंबरबाई, पुष्पाची आई, निंदायला निघाली होती. विळा हातात धरूनच बोलली. "बाई, तुमच्या शाळंला म्या कधी न्हाई म्हणलं का? पुष्पी धाकट्याला कडंवर घेऊन यायची, तुमी बोलत नव्हता. म्या रानात जायची. आता अडीच मैल त्याला घेऊन जाईल का ती? अन् न्हाई नेलं तर त्याला कोन बघंल?"

शेजारच्या साळूबाईकडं तेच. पुढच्या तीन घरी तेच.

मी परत आले आणि बसून राहिले. आठ वर्षं ती शेंबडी भावंडं मला कटकट वाटायची. खडू खायची, पाट्यांवर मुतायची, दुपारी झोपायची. पण ती तिथं होती म्हणून मुली तिथं होत्या! आज पहिल्यांदाच मोजली. सात. एकोणीस आणि सात सव्वीस. पंचवीसच्या वर जातंय. पण ही कुठल्या हुकमात धरणार?

२९ जून, शनिवार

सामान बैलगाडीत घातलं. फळा, घड्याळ, तक्ते, अठ्ठावीस पुस्तकं, पाण्याचा डेरा. सगळं यादीवर, सगळं सरकारी.

गाडी जुंपत असताना तारादेवीनं मला आत बोलावलं. स्वयंपाकघरात तिची सासू लाडबाई पापडाचं पीठ कुटत होती, म्हणून हळूच बोलली. "बाई, चौथी की एक किताब छोड जाओ. एकच."

मी म्हटलं, "यादीवर आहे गं. मोजून घेतील."

तिनं मान हलवली आणि घुंगट खाली ओढला. एक पुस्तक! हरवलं असं लिहिता आलं असतं, भरून देता आलं असतं. तेव्हा सुचलंच न्हाई. आठ वर्षांत एक वस्तू हरवू दिली न्हाई, त्याचाच अभिमान आडवा आला.

१ जुलै, सोमवार

सहा आल्या. पहाटेच पोहोचून मी त्यांना नदीच्या बोरखेडीकडच्या काठावरून घेतलं. पाणी घोट्याएवढं. लहान दोघींना हात धरून आणलं.

टेंभेगावची शाळा खरोखर चांगली आहे, हे मला लिहिलंच पाहिजे. चार खोल्या, वर कौलं. भिंतीवर हिंदुस्थानचा नकाशा, माणसाच्या उंचीचा. हेडमास्तर रामराव सभ्य गृहस्थ. मुलींसाठी पुढच्या दोन रांगा रिकाम्या ठेवल्या होत्या.

पुष्पा धाकट्याला कडेवर घेऊनच आली. अडीच मैल. पोरगी घामानं भिजली होती. रामरावांनी दारातच पाहिलं. "बाई, हे न्हाई चालणार. बाकीचे पण आणतील, मंग वर्ग कसा घ्यायचा?" आवाज चढवला न्हाई. पुष्पाला मी पायरीवर बसवलं आणि खिडकीतून ऐक म्हटलं. ऐकत बसली. तो मात्र तासाभरात रडायला लागला.

४ जुलै

चार.

११ जुलै, गुरुवार

नदीला पाणी. मी या काठावर, पलीकडं कुणी दिसेना. तासभर थांबून परत फिरले. टेंभेगावातच आता खोली घेतली आहे, मुख्य ठिकाणी राहा असा नियम आहे. शाळेत बसून दुसऱ्यांच्या मुलांना बेरजा घातल्या. हुशार आहेत. बराबर उत्तरं देतात. मला त्यांचा राग येतो, आणि मंग माझाच.

२२ जुलै, सोमवार

रामरावांशी बोलले. म्हटलं, मागची पडवी रिकामी आहे. लेकरांसाठी दोन झोळ्या बांधू. गावातली एखादी म्हातारी बसवू, तिला काहीतरी मिळालं पाहिजे एवढंच. त्यांनी पडवी जाऊन पाहिली. "तुमचं म्हणणं पटतंय मला. पण म्हातारीला कोणत्या सदराखाली दाखवू? शिक्षक न्हाई, शिपाई न्हाई." अर्ज लिहायला त्यांनीच मदत केली. अक्षर माझं, सही दोघांची.

१४ ऑगस्ट, बुधवार

उत्तर आलं. लेकरं सांभाळणं हे शिक्षणखात्याचं काम न्हाई. दोन ओळी. खाली सही वाचता येत नव्हती.

रामराव म्हणाले, "बाई, आपण केलं तेवढं." मी मान हलवली. तेवढं म्हणजे किती?

३० ऑगस्ट, शुक्रवार

पुष्पा एकटी उरली होती. धाकट्याला नुकत्याच गावाहून आलेल्या आजीकडं ठेवून यायची. आज विज्ञानाचं कपाट उघडलं. लोहचुंबक. मास्तरांनी खिळे टेबलावर पसरले आणि चुंबक वर धरला. खिळे उठून चिकटले तशी पुष्पा जागची उठून पुढं गेली, कुणाला न विचारता. "मला बी द्या." मास्तरांनी दिला. सगळा तास सोडला न्हाई. साहेबांना हे दाखवायला हवं होतं, असं वाटलं. तुम्ही म्हणत होता ते हेच.

शाळा सुटल्यावर नदीपर्यंत सोडायला गेले. वाटेत म्हणाली, "आजी पडून हाय. उद्यापासून मी न्हाई येनार, बाई." मी म्हटलं, आजी बरी झाली की ये. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मोठी माणसं लहान लेकराकडं पाहतात.

२५ सप्टेंबर, बुधवार

साहेबांची तपासणी. खूश होते. पाच शाळांची एक झाली, फळे नवे आले, सातवीचा वर्ग भरला. सगळं खरं आहे. जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, "बोरखेडीच्या मुली दिसल्या न्हाईत?"

म्हटलं, "एकही न्हाई."

"एकोणीसच्या एकोणीस?"

मी त्यांना भावंडांचं सांगितलं. शांतपणे सांगितलं, आवाज चढवला न्हाई. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मंग म्हणाले, "हे मला जूनमध्ये का न्हाई सांगितलं, बाई?"

साहेब आले त्या दिवशी मलाच कुठं ठाऊक होतं? हुकमाआधी ही लेकरं माझ्याही मोजण्यात नव्हती.

"पुढच्या वर्षी बघू," असं म्हणाले. मनापासून म्हणाले. पण पुढच्या वर्षी पुष्पाला चौदावं लागेल. झुंबरबाईनं आत्ताच हसनाबादकडं स्थळ बघितलंय म्हणतात.

२६ सप्टेंबर

दिवसभर शिकवलं. काय शिकवलं, आठवत न्हाई.

६ ऑक्टोबर, रविवार

दसऱ्याचं सोनं द्यायला बोरखेडीला गेल्ते. रतनलाल शेटजी दुकानात होते. पाया पडले तर नजर चुकवून म्हणाले, "घरात बायकांचं काय चाललंय, आम्ही बघत न्हाई, बाई. तुम्ही जा आत."

आत चौदा मुली. लाडबाईंच्या मांडीवर एक लेकरू, दोन झोळीत, बाकीची रांगत. भिंतीवर कोळशानं हातच्याची वजाबाकी मांडलेली, बिलकुल बरोबर. तारादेवी भिंतीपाशी उभी, घुंगट मागं सरकवलेला. मला पाहून ती थांबली न्हाई. बोटानं जागा दाखवली.

मी पुष्पाच्या मागं जाऊन बसले.