आजपासून घरात फक्त इंग्लिश

१ जून
सर्व्हेवाल्या बाई गल्लीत फिरताहेत. घरी कोणती भाषा बोलता, इंग्लिश कितपत येतं, विचारतात. समोरच्या टेलरने 'उत्तम' लिहवून घेतलं म्हणे! त्याला धड बाहीचं माप सांगता येत नाही. आपल्या घरापुढेही 'उत्तम' लागलंच पाहिजे. आजपासून घरात फक्त इंग्लिश. शिस्त, पण प्रेमाने. मी मुळात शांत माणूस.

३ जून
बायकोने मीठ मराठीत मागितलं. कप भिंतीवर फुटला. हातातून सुटला असावा.

६ जून
'वॉटर' म्हणेपर्यंत वडिलांना पाणी द्यायचं नाही असं ठरवलं. दुपारी ते स्वतःच उठले आणि ओट्यापाशी पडले. कपाळाला टाके. म्हातारपणी हट्टीपणा वाढतो. डॉक्टरला मी सगळं इंग्लिशमध्ये समजावलं. तो गप्प झाला, म्हणजे पटलं.

१० जून
गॅरेजमध्ये एक गिऱ्हाईक इंग्लिशमध्ये बडबडलं. मी 'येस, येस' म्हणालो. बंपर काढू नको म्हणत होता म्हणे, नेमका तोच मी काढला. त्याने कॉलर धरली. माझ्या हातातला पाना त्याच्या गाडीच्या काचेतून आत गेला. मालकाने घरी बसवलंय. बरंच झालं, घराकडे लक्ष देता येईल.

१२ जून, संध्याकाळी
मुलगी आजोबांच्या कानात मराठीत कुजबुजताना सापडली. समजावलं. गालावर बोटं उठलीत, कातडीच नाजूक तिची. शाळेत कुणी विचारलं तर दारावर आपटले म्हणून सांग, असं शिकवलं. अर्थात इंग्लिशमध्ये. उच्चार झकास!

१३ जून
मेहुणा आला. भाचीचा गाल पाहिला आणि नमस्कार-चमत्कार काही न करता थोबाड फोडलं माझं. समोरचा दात गेला. मी खुर्ची उचललीच होती, पण पाहुण्याचा मान ठेवला. फटीतून इंग्लिशमधला 'थ' फार सुरेख निघतो. नुकसान काहीच नाही.

२० जून
प्रगती! जेवताना मराठीचा एक शब्द नाही. पूर्वी मुलगी शाळेतलं सांगता सांगता ताटावर तासभर बसायची, वडील हसून हसून खोकायचे. आता सगळे खाली मान घालून जेवतात आणि उठतात. मी बोलतो, ते ऐकतात.

२ जुलै
सर्व्हेवाल्या बाई आल्या. मी दारातच 'इंग्लिश, इंग्लिश' सांगितलं. त्यांनी बायकोलाही विचारलं. ती इंग्लिशमध्ये म्हणाली, या घरात कुणी बोलतच नाही.

तेवढं मला कळलं. पुढे दोघी बराच वेळ बोलल्या. बायको कुठेच अडखळली नाही. हॉटेलच्या रिसेप्शनवर ती दिवसभर काय बोलते, ते मी कधी विचारलंच नव्हतं. मध्येच बाईंनी बायकोकडून नंबर घेऊन फोन लावला. बायकोने वडिलांना चपला दिल्या, मुलीचं दप्तर घेतलं. मी दार अडवणार होतो, तर तोवर मेहुणा जिन्यात येऊन उभाच. सगळे त्याच्याबरोबर खाली उतरले.

रात्र झाली. काय ठरलं, ते मला अजून कुणी मराठीत सांगितलेलं नाही.