आधीपेक्षा बरं, की तसंच?

प्रिय चिमे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच कपाटावर टाकशील, अशी भीती आहे. टाकलंस तरी तक्रार करायला मला तोंड नाही. चार महिने तू माझ्याशी बोलत नाहीस, आणि ते बरोबरच आहे. तुझं ऑपरेशन होतं. तू दोनदा फोन करून सांगितलंस, दादा, तू ये, तू असलास की मला धीर येतो. मी येतो म्हणालो आणि आलो नाही. वर कारण काय दिलं, तर दुकानात गर्दी आहे. दिवसाला सहा गिऱ्हाईकं आली तर मी जेवण विसरतो, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

दुकान आहे तसंच आहे. आपल्या वडिलांची, आप्पांची, काच घासायची चकती अजून फिरते आणि फिरताना तशीच खाकरते. ज्या स्टुलावर बसून तू मोठ्यांचे चष्मे नाकावर चढवायचीस आणि आरशातल्या स्वतःलाच दटावायचीस, ते आता एका पायाने लंगडं झालंय. दुरुस्त करायचं म्हणतो, होत नाही. तुझी तब्येत कशी आहे हे मी तुझ्या अहोंना परस्पर विचारत असतो. आता जिना चढतेस असं ते म्हणाले. त्यांना रागावू नकोस, मीच गळ घातली होती.

दोन महिन्यांपूर्वी माझ्या हातून एक चूक झाली. तीस वर्षांत कधी झाली नव्हती. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या चष्म्यात मी डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवली. काच बसली की चष्मा पुन्हा यंत्राखाली धरून नंबर ताडून पाहायचा, त्याशिवाय डबीत घालायचा नाही, हा आप्पांचा नियम तुलाही पाठ असेल. मी ताडून पाहिला नाही, कारण त्या दिवशी तेवढा हात उचलणंही जिवावर आलं होतं. बाई पंधरा दिवसांनी आल्या, त्याही भांडायला नाही. डोकं ठणकतं, सुईत दोरा जात नाही, पण नवा चष्मा आहे, होईल सवय, असं म्हणून त्या तो घालत होत्या. नाकावर जरा बोचतो, तेवढा सैल करून द्या म्हणाल्या. मी तो यंत्राखाली धरला आणि काचांची अदलाबदल दिसली. माफी मागितली, समोर बसवून काचा बदलून दिल्या आणि वर त्यांच्यावरच चिडलो, की त्रास होत होता तर पहिल्याच दिवशी यायचं, सोसत कशाला बसलात? त्या ओशाळून म्हणाल्या, मला वाटलं माझ्याच डोळ्यांत काही बिघडलंय. त्या गेल्यावर मी दार आतून लावून घेतलं आणि रडलो. पन्नाशी उलटलेला माणूस, भोवती टांगलेल्या फ्रेमा, आणि मी हुंदके देतोय.

कारण मीही वर्षभर तेच करत होतो. सहा वर्षांपूर्वी तू मला हाताला धरून मनाच्या डॉक्टरबाईंकडे नेलंस, गोळी सुरू झाली आणि लागू पडली. आमचा दादा त्यातून बाहेर आला, असं तू ज्याला त्याला सांगत सुटलीस. ते ऐकून मला फार बरं वाटायचं. मग ती गोळी पुरेनाशी झाली. एका दिवसात झालं असतं तर कळलं असतं. आधी रेडिओ लावणं सुटलं, मग दाढी दिवसाआड, मग चार दिवसांनी. सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकायला तासभर लागायचा. गोळी मात्र मी एक दिवस चुकवली नाही. गोळी तीच, डॉक्टर त्याच, म्हणजे बिघाड माझ्यातच, असं मी धरून चाललो. डॉक्टरबाई विचारायच्या तेव्हा ठीक म्हणायचो, रविवारी तुझा फोन आला की मजेत म्हणायचो. तू एवढं करून मला उभं केलंस आणि मी पुन्हा आडवा झालो, हे तुला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

तुझ्या ऑपरेशनच्या दिवशी मी निघालो होतो, चिमे. बॅग भरली होती, तुला आवडतात तशा लोकरी मोज्यांचा जोड वर ठेवला होता. बसस्थानकावर बाकावर बसलो. पहिली बस लागली, उठता आलं नाही. म्हटलं पुढचीने जाऊ. अशा तीन गेल्या. पाय दुखत नव्हते, कुठे काही होत नव्हतं, नुसतं उठता येत नव्हतं. तू आत टेबलावर असशील, हे घड्याळात बघत होतो. मग घरी आलो आणि गर्दीचं कारण सांगितलं. मोजे अजून बॅगेत आहेत. बॅग रिकामी करायचा धीर झालेला नाही.

त्या शिवणाऱ्या बाई येऊन गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी मी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. मी नसलो तर कुणाचं काय अडणार आहे, हा विचार येतो, तेही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. वर्षानुवर्षं चाललेली गोळी पुष्कळांना मध्येच पुरेनाशी होते, त्यात तुमचा दोष नाही, म्हणाल्या. डोस वाढवून सहा आठवडे वाट पाहिली, फरक पडला नाही. आता गोळीच बदलायची. जुनी एकदम बंद करायची नाही, थोडी थोडी कमी करत न्यायची आणि नवी हळूहळू चढवायची. गुण यायला महिना-दीड महिना लागेल, आणि ही लागू पडेलच असंही नाही, मग तिसरी. मधल्या दिवसांत गरगरेल, झोप उडेल, कदाचित मन आणखी खाली जाईल. ते आपलं आपल्याला कळत नाही, म्हणून जवळच्या माणसाने लक्ष ठेवलं पाहिजे.

त्यांनी एक कागद पुढे केला. त्यावर त्या जवळच्या माणसाचं नाव आणि फोन नंबर लिहायचा होता. तुला न विचारता मी तुझा लिहिला. दुसरा मला पाठच नाही. येत्या गुरुवारपासून बदल सुरू होतो आहे. नको असेल तर तसं कळव, मी खोडून टाकीन, रागावणार नाही. पण चालणार असेल, तर रविवारी फोन कर. मी सवयीने मजेत म्हणेन. तेवढ्यावर सोडू नकोस. आप्पा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काच धरून विचारायचे तसं विचार, आधीपेक्षा बरं, की तसंच? गिऱ्हाईक भिडेखातर बरं म्हणालं तर ते पुन्हा विचारायचे. तूही पुन्हा विचार. दुसऱ्यांदा मी खरं सांगेन.

तुझाच,
बसस्थानकापर्यंत आलेला
दादा