देगलूर नाक्यावरचा परदेशी रुग्ण

दि. १७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
तरंगिणी हृदयालय (धर्मादाय),
नांदेड.

अर्जदार : मुनीब अकरम इनामदार, सेवानिवृत्त प्राध्यापक (भौतिकशास्त्र), वय ७१, रा. देगलूर नाका, नांदेड.

विषय : सोबत नातेवाईक नसलेल्या स्थानिक रुग्णास परदेशी रुग्णाप्रमाणे सोबतीची व्यवस्था मिळणेबाबत.

संदर्भ : शुक्रवार, दि. १४ रोजी आपल्या चौकशी खिडकीवर मिळालेला तोंडी नकार.

महोदय,

१. सविनय सादर करतो की, माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. शस्त्रक्रिया लवकर करावी, असे आपल्याच तज्ज्ञांनी लेखी दिले आहे. निदानाबद्दल माझी हरकत नाही. अडचण अशी की, संमतीपत्रावर नातेवाईकाची सही लागते आणि दाखल असेपर्यंत रुग्णाजवळ घरचे एक माणूस लागते. माझी पत्नी रईसा हयात नाही. अपत्य नाही. बिलोलीस एक बंधू होते, तेही गेले. त्यामुळे मला तारीख मिळत नाही.

२. शुक्रवारी सर्वसाधारण विभागात बसण्यास जागा नव्हती, म्हणून मी समोरच्या आंतरराष्ट्रीय रुग्ण कक्षातील सोफ्यावर बसलो. अंगात पांढरा कुर्ता होता. त्याच सुमारास ओमानहून माझ्याच नावाचे एक रुग्ण येणार होते, हे मला नंतर कळले. त्या कक्षातील आपल्या दुभाषी कर्मचारी रुखसार यांनी येऊन सलाम केला. मी सवयीने ‘वालेकुम अस्सलाम’ म्हणालो. माझा अरबीचा साठा एवढाच आहे. तो पुरेसा ठरला.

३. त्यानंतर त्या अरबीत बरेच बोलल्या. मला काही समजले नाही. मात्र फोनवर त्या जे बोलल्या ते सर्व समजले : “बजरंगभाऊ, चाचा लई गपगार हाईत हो, घाबरले वाटतं. चहा पाठवा न. घरचं कोणीच न्हाई बघा सोबत. इतक्या लांबून एकटेच आले बिचारे. मी बसते त्यांच्यापाशी.” आणि त्या बसल्या. माझे घर तेथून तीन किलोमीटरवर आहे. तरीही ‘इतक्या लांबून’ हे वर्णन मला चुकीचे वाटले नाही.

४. खुलासा मी चहा संपल्यावर केला. “बेटी, मी देगलूर नाक्याचा,” असे म्हणताच रुखसार आधी दचकल्या, मग तोंडावर ओढणी धरून हसल्या : “अय्यो चाचा! मग बोलायचं न आधी! मी इकडं डोकं फोडून राहिले अरबीत!” त्यांना त्याच क्षणी दुसरीकडे बोलावणे आले. चहा घेऊन आलेले कक्षसेवक श्री. बजरंग यांनी मला उठवले व विचारले, “तुमची लाईन तिकडं हाय, चाचा. सोबत कोणी हाय का न्हाई?” चौकशी खिडकीवरही हाच प्रश्न झाला आणि नकार मिळाला. रुखसार व बजरंग, दोघांच्याही वागण्यात उद्धटपणा नव्हता. ही तक्रार नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

५. परदेशी रुग्णांविषयी माझी तक्रार नाही. भीती त्यांनाही वाटतच असणार. ‘परदेशी रुग्णांच्या उत्पन्नातून गरजूंची सेवा’ असा फलक आपल्या दर्शनी भागात आहे. विधान खरे असू शकेल. पुरावा म्हणून खाली केवळ एक रंगीत छायाचित्र आहे. माझे निरीक्षण एवढेच की, रईसा आपल्या सर्वसाधारण कक्षात होती, तेव्हा दीपमालाबाई नावाच्या मदतनीस एकट्या रुग्णांजवळ बसत, त्यांची वेणीफणी करत. नवीन आंतरराष्ट्रीय कक्ष सुरू झाल्यावर त्यांची तिकडे बदली झाली. त्यांच्या जागी कोणी आले नाही. नातेवाईक नसणे ही परदेशी रुग्णाच्या बाबतीत सोय पुरवण्याची बाब ठरते. माझ्या बाबतीत ती अपात्रता ठरते.

६. आणखी एक बाब. त्या दिवशी सर्वसाधारण विभागात माझा रक्तदाब १६८/१०० भरला. रुखसार शेजारी बसलेल्या असताना आपल्याच परिचारिकेने तो पुन्हा घेतला. तो १३८/८६ होता. यंत्र वेगळे होते, सोफा मऊ होता, चहा चांगला होता; या घटकांचा परिणाम मी नाकारत नाही. आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना हेच शिकवले की, एका नोंदीवरून निष्कर्ष काढू नये.

७. सबब विनंती की, माझी सही माझ्यासाठी पुरेशी मानावी आणि दाखल असेपर्यंत परदेशी रुग्णांना मिळते तशी सोबत मलाही मिळावी. नियमात स्थानिक रुग्ण बसत नसल्यास मला परदेशी समजण्यास माझी हरकत नाही. तेही शक्य नसल्यास, शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी कोणीतरी थोडा वेळ शेजारी बसावे. अरबीत बोलले तरी चालेल. चहा नको, सोफा नको, यंत्र सर्वसाधारण विभागातीलच असावे. म्हणजे ती दुसरी नोंद कशामुळे आली, हे निश्चित करता येईल.

आपला नम्र व स्थानिक,

(सही)
मुनीब अकरम इनामदार

सोबत :
१. तज्ज्ञांच्या शिफारशीची प्रत
२. रक्तदाबाच्या दोन्ही नोंदी
३. आधार कार्डाची प्रत (पत्ता : देगलूर नाका)
४. नातेवाईक : सोबत नाही